रुग्णाच्या सहीची जागा

आपिया
मंगळवार, ११ मार्च

फुआतिनो,

तुझ्यासाठी पाठवलेला खोका काल बोटीने परत आला. दोरीची गाठसुद्धा मी मारली होती तशीच. फोन तू उचलत नाहीस. शाळेत फोन केला की बाई वर्गावर आहेत असं उत्तर मिळतं, संध्याकाळी सहा वाजतासुद्धा. म्हणून हे पत्र. आपल्या गावची नर्स लुपे दवाखान्याची औषधं न्यायला इथे आली आहे, तिच्याकडे देतोय. ती म्हणाली, "देईन. वाचायला लावणार नाही."

झालं ते एकदा सरळ लिहून काढतो. मी ज्या वैद्यकीय पत्रिकेचा संपादक आहे तिच्या डिसेंबरच्या अंकात, पान एक्केचाळीसवर, डॉ. सोलोमोनांच्या लेखासोबत एक फोटो छापला आहे. तो तुझ्या पायांचा आहे. अंक नेहमीप्रमाणे सगळ्या बेटांवरच्या दवाखान्यांना फुकट गेला. फेब्रुवारीत महिला समितीच्या घरात बाळांची वजनं घ्यायच्या दिवशी लुपेने तो टेबलावर ठेवला आणि बायकांनी पानं चाळली. तू शाळेतल्या पोरांना लस टोचून घ्यायला तिथे आली होतीस. पुढचं लुपेने मला सांगितलं आहे, ते मी तुलाच परत सांगत बसत नाही.

लेखाची सुरुवात मात्र जशीच्या तशी उतरवतो, कारण तुला ती चार तोंडांतून वेगवेगळी ऐकायला मिळाली असेल. "रुग्ण स्त्री, वय ४१, शिक्षिका, सावाई बेट. मालू, म्हणजे मांड्यांपासून गुडघ्यांपर्यंतचं पारंपरिक गोंदण, चालू असताना तिसऱ्या दिवशी ताप आणि सूज. डाव्या पायाचं काम अपुरं सोडावं लागलं." बस. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. आमच्या नियमांत एवढं पुरेसं होतं. बायकांनी वय आणि नोकरी जुळवली, गेल्या जुलैत कुणाला बोटीवर झोळीत घालून नेलं ते आठवलं, आणि नाव काढलं. मालू अपुरं राहिलं, आपल्याकडे ज्याची लाज मानतात, हे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. मलाही नाही.

मी तरी ओळखायला हवं होतं असं तू म्हणत असशील. पण कसं ओळखणार? ज्याने बहिणीची मांडी पाहिली तो कसला भाऊ? तो पाय कुणाचा हे गावात सगळ्यात शेवटी कळणारा माणूस मीच. डॉ. सोलोमोनांनी रुग्णाची संमती घेतली आहे असं लेखी कळवलं होतं. आम्ही तेवढंच मागतो.

एक सांगू का, लेखाचा उपयोग झालाय. जानेवारीत दोन दवाखान्यांनी असाच ताप असलेली माणसं वेळेवर इकडे पाठवली. दोघांचेही पाय वाचले.

हे शेवटचं वाक्य मी तेलेसियाला वाचून दाखवलं. तुला ती आठवत असेल, माझ्याआधीपासून ही कचेरी चालवणारी, लाल चष्म्याची. ती म्हणाली, "संपादकसाहेब, तुम्ही माफी मागताय की अंकाची जाहिरात करताय?" मी ते खोडणार होतो. खोडलं नाही, कारण ते खरं आहे.

पेनी


आपिया
सोमवार, २४ मार्च

फुआतिनो,

उत्तर आलं नाही. लुपे म्हणते की तू पाकीट घेतलंस आणि वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलंस. म्हणजे फेकलं नाहीस.

काल प्रार्थनेनंतर मी डॉ. सोलोमोनांकडे गेलो. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि रविवारचं जेवण झाल्याशिवाय कुणाचं काही ऐकत नाहीत. मी दारातूनच म्हटलं, "सर, त्या संमतीच्या कागदाबद्दल..."

"आधी पालुसामी खा," ते म्हणाले. "नारळाचं दूध आज दाट आलंय."

जेवलो. त्यांची नात भांडी घेऊन गेल्यावर ते स्वतःच बोलायला लागले.

"तुझ्या काकांनी सही केली, पोरा. बोट लागली तिथे धक्क्यावरच, रुग्णवाहिकेच्या टपावर कागद ठेवून. ती तापात होती, माझ्या नर्सला आई म्हणत होती. तिच्या हातात पेन द्यायचं?"

"ती सही शस्त्रक्रियेसाठी होती ना, सर?"

"एकाच कागदावर सगळं असतं. खाली शिक्षण आणि प्रकाशन असंही छापलेलं आहे. आणि घरातला प्रमुख सही करतो तेव्हा अख्खं घर सही करतं. ऑकलंडला सहा वर्षं राहिलास तर हेही विसरलास?"

मी म्हटलं, "पण नंतर ती अकरा दिवस वॉर्डात होती. शुद्धीवर. तेव्हा विचारता आलं असतं."

नात ऐकत नाही ना म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी तिचा पाय वाचवला, पेनी. ज्या बाईचा पाय वाचवला तिच्यासमोर जाऊन म्हणू, की तुझ्या मांड्यांचा फोटो काढलाय, छापू का? म्हणजे मी तिथे पाहिलं हे तिला तोंडावर सांगायचं? न विचारणं हीच तिची अब्रू राखणं, असं मला वाटलं. अजून वाटतं."

आणि फुआतिनो, मला हे सांगायला आवडत नाही, पण त्या क्षणी ते मला पटलं. त्यांच्याच हाताखाली मी जखम कशी धुवायची ते शिकलो. त्यांच्या शब्दाची पावती मागायची सवय मला नाही. इथे कुणालाच नाही.

काकांची सही आहे हे मला काल कळलं. तोवर मला कागदाची कल्पना नव्हती.

आज सकाळी सुव्हाहून लिटियाचा फोन आला. ती आमची उपसंपादक, फिजीची, गोड बोलणं तिला जमत नाही. म्हणाली, "ऐकलंय ते खरं का? रुग्ण तुझी बहीण?" मी हो म्हटलं. "मग तू त्या फायलीला हात लावायचा नाहीस. ती माझ्याकडे पाठव. लेख मागे घ्यायचा की नाही ते भाऊ ठरवत नसतो, आणि लेखकाचा शिष्य तर नाहीच. तू दोन्ही आहेस." मी म्हटलं, दोन आठवडे दे, घरातली गोष्ट आहे, घरात मिटवतो. तिने फोन ठेवला नाही, नुसती गप्प राहिली. तेलेसियाचं गप्प राहणंही असंच असतं. आता माझ्याभोवती तीन गप्प बायका आहेत, तुला धरून.

दवाखान्यांना पत्रं गेली आहेत. डिसेंबरचा अंक परत पाठवा असं लिहिलंय. एकशे चाळीस प्रती छापल्या होत्या. एकोणीस आल्या. संगणकावरचा फोटो काढून टाकलाय.

पेनी


आपिया
बुधवार, ९ एप्रिल

फुआतिनो,

आता मन थोडं जागेवर आलंय, तुझंही येईल. शनिवारी जे झालं ते तुला घरच्यांनी सांगितलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक.

डॉ. सोलोमोनांनी स्वतःच म्हटलं, मी इफोगा करतो, तुमच्या अंगणात बसून माफी मागतो. मी काकांना फोन केला, दिवस ठरवला. शुक्रवारच्या शेवटच्या बोटीने आम्ही आलो. शनिवारी उजाडताना डॉक्टर आपल्या घरासमोर खडीवर बसले, डोक्यावर बारीक विणीची मोठी चटई ओढून. त्यांचे दोन जावई मागे बसले. सरांच्या गुडघ्यांना खाली बसणं जमत नाही हे मला माहीत आहे. ते तसेच बसले. कुत्री हुंगून गेली. समोरची म्हातारी येऊन केळीच्या पानाचा पंखा ठेवून गेली, कारण ऊन चढायला लागलं होतं.

कुठे बसायचं हे मला कळत नव्हतं. ज्या घराचा अपमान झाला ते माझं घर, म्हणून काकांनी मला आत बसवलं, त्यांच्या उजवीकडे. मी आतून पाहत होतो. चटईखालून सरांची चप्पल दिसत होती, डाव्या पायाची पट्टी तुटलेली.

नऊच्या सुमारास काका उठले, बाहेर गेले आणि त्यांनी चटई स्वतःच्या हाताने उचलली. भाषण केलं. तुला माहीत आहे, ते भाषण चांगलं करतात. म्हणाले, या माणसाने आमच्या मुलीचा पाय आम्हाला परत दिला आणि आज तो आमच्या अंगणात बसला, आता या गोष्टीचा शब्दही गावात निघणार नाही. डॉक्टर रडले. मीही. मग कोको आला, भाजलेला तारो आला, जावयांनी कोंबडी कशी पळाली त्याची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले.

बोलणं चालू असताना तुमच्या शाळेची घंटा, ती टांगलेली रिकामी गॅसची टाकी, ऐकू आली. शनिवारी शाळा कसली, मी विचारलं. काकू म्हणाल्या, परीक्षा जवळ आल्यात म्हणून तू जादा वर्ग घेतेस. त्यांनी बोलवायला माणूस पाठवला होता. तू आली नाहीस, कामात असशील.

आता लेखाचं. काकांचं म्हणणं, गोष्ट मिटली, परत छापून कशाला उकरायची? सूचना छापली की ज्यांना माहीत नाही तेही विचारतील, कुठला लेख, कुठली बाई. मला त्यात तथ्य वाटतं. फोटो काढलाच आहे. एकशे चाळीसपैकी अठ्ठ्याऐंशी प्रती आल्या. मी लिटियाला तसं कळवणार आहे. तुझ्यासाठीच.

कळवण्याआधी तुझा निरोप आला तर बरं.

पेनी


आपिया
गुरुवार, २४ एप्रिल

फुआतिनो,

तुझी चिठ्ठी मिळाली. वहीतून फाडलेलं पान, आणि त्यावर एकच ओळ. "या वेळीही मला कुणी विचारलं नाही."

मी ती खिशात घेऊन चार दिवस फिरतोय. सकाळी बंदराच्या भिंतीवरून चालत पार टोकापर्यंत जातो, परत येतो, कचेरीत बसतो, उठतो. तेलेसिया म्हणाली, "खुर्चीत खिळा आहे का?" मी तिला चिठ्ठी दाखवली. तिने लाल चष्मा काढून वाचली, लावून परत वाचली.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली.

"इफोगा झाला, तेलेसिया. सत्तरी ओलांडलेला माणूस उन्हात तीन तास बसला."

"बसला. कुणासमोर?"

"आमच्या घरासमोर."

"घरावर मालू आहे का, संपादकसाहेब?"

ती असं काही बोलून सरळ टंकायला बसते, उत्तराची वाट बघत नाही.

पहिल्यांदा सही काकांनी केली. दुसऱ्यांदा चटई काकांनी उचलली. दिवस ठरवायला मी फोन केला तोही काकांनाच. तुला बोलवायला माणूस पाठवला तेव्हा डॉक्टर खडीवर बसून झाले होते. म्हणजे तुला फक्त येऊन मान डोलवायची होती. हे मी आत्ता लिहिताना पाहतोय, आणि वाईट याचं वाटतं की आदल्या पत्रात हेच सगळं मीच लिहिलंय, न पाहता.

परवा मी फाईल लिटियाकडे पाठवली. अख्खी. तिने लेख मागे घ्यायचं ठरवलं आहे. डॉ. सोलोमोनांना कळवलं. त्यांचं उत्तर मला आलं नाही, तिला आलं, दोन ओळींचं: गोष्ट गावात मिटली असताना कागदावर परत उघडणं हा आपल्या चालीरीतींचा अपमान आहे, मी सही करणार नाही. काल बाजारात ते मला दिसले. मी हात वर केला. त्यांनी कलिंगडं पाहिली.

सूचनेचा मसुदा सोबत आहे. या वेळी छापण्याआधी तो तुझ्याकडे येतोय. तू बत्तीस वर्षांत हजारो वह्या तपासल्यास (बत्तीस नाही, वीस, मला आकडेही सुचत नाहीत). तशीच ही तपास. जे नको ते खोड. सगळंच नको असेल तर सगळं खोड आणि तसं लिही, मग लिटिया पाहील कमीत कमी शब्दांत काय छापता येतं.

पेनी

मसुदा:
"डिसेंबरच्या अंकातील पान ३९ ते ४३ वरील लेख मागे घेण्यात येत आहे. लेखात वापरलेल्या छायाचित्रासाठी व माहितीसाठी रुग्णाची स्वतःची संमती घेतलेली नव्हती. चेहरा न दाखवल्याने ओळख लपते असे गृहीत धरले गेले. ते चूक होते. लेखातील उपचारांच्या माहितीत दोष आढळलेला नाही. संपादक रुग्णाचे नातेवाईक आहेत. तथापि छायाचित्रावरून त्यांना रुग्णाची ओळख पटणे शक्य नव्हते. या निर्णयात त्यांचा सहभाग नाही. लेखक या निर्णयाशी सहमत नाहीत. पत्रिका रुग्णाची क्षमा मागते."


आपिया
मंगळवार, १३ मे

फुआतिनो,

मसुदा परत आला. लाल शाई. तू बाकी कशालाही हात लावला नाहीस, एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नाहीस. फक्त एका वाक्यावर रेघ मारलीस. "तथापि छायाचित्रावरून त्यांना रुग्णाची ओळख पटणे शक्य नव्हते." समासात काहीच लिहिलं नाहीस, फक्त तुझं ते छोटं वर्तुळ. मुलाला चूक माहीत असते तेव्हा तू ते काढतेस, तूच मला सांगितलं होतंस. माहीत नसेल तर बाण काढून समजावतेस. माहीत असेल तर नुसतं वर्तुळ.

लिटिया विचारते, हे वाक्य का खोडलं? मी म्हटलं, कळवतो. आधी तुला लिहितो.

तू सात वर्षांची होतीस, मी नऊ. आजोबांचा कोयता घ्यायचा नाही असं बजावलेलं असताना मी तो घेतला, आणि हिरवा नारळ मारायला गेलो, आणि तू नारळ धरला होतास. कोयता घसरला. डाव्या नडगीवर, गुडघ्याच्या चार बोटं खाली, होडीच्या आकाराची जखम. आई आली तेव्हा तू म्हणालीस, प्रवाळावर पडले. आई म्हणाली, प्रवाळ असं कापत नाही. तू म्हणालीस, हे कापलं. त्यावर तू तीसहून जास्त वर्षं ठाम राहिलीस.

फोटो मांडीपासून सुरू होतो आणि नडगीच्या मध्यावर संपतो. ती खूण त्यात आहे. सुजलेल्या कातडीवरही दिसते, कडेने थोडी पांढरी.

नोव्हेंबरच्या एका दुपारी मी तो फोटो टेबलावर घेतला. वर पाहिलं नाही. बाईच्या मांड्या आहेत, सामोआची बाई आहे, मी पटकन तळहाताने वरचा भाग झाकला. कुणी बघत नसतानाही झाकला. आपल्याकडे वाढलेला कुठलाही पुरुष तेच करेल. खालचा भाग उघडा राहिला. आणि मी ती होडी पाहिली.

किती वेळ पाहिली ते सांगता येणार नाही. फार नाही. मनात आलं, हे नसेल. मग आलं, असेल तर मी बघता कामा नये, भाऊ आहे मी. आणि मी पान उलटलं. इतक्या सभ्यपणे उलटलं की मला स्वतःचा अभिमानही वाटला असेल. संपादकाचं काम बघणं आहे. मी भाऊ असण्याच्या मागे लपलो आणि बघितलं नाही, आणि मग तुला लिहिलं की ज्याने पाहिलं तो कसला भाऊ. सगळ्यांनी मला तेच बोलून माफ केलं, काकांनी, पाद्र्यांनी, तेलेसियानेसुद्धा. कुणी त्यावर शंका घेत नाही. इतकं चांगलं निमित्त मला दुसरं सापडलं नसतं.

आणि कागद. मी लिहिलं होतं की काकांच्या सहीचं मला मार्चमध्ये कळलं. खोटं आहे. संमतीचा कागद लेखासोबत त्याच पाकिटात होता. वरचं नाव सरांनी काळं केलं होतं, खालची सही नाही. काकांची सही मी लहानपणापासून पाहतोय, चर्चच्या पावत्यांवर, आपल्या शाळेच्या दाखल्यांवर. तिच्या वर एक ओळ होती, "रुग्णाची सही". ती कोरी होती. मी कोऱ्या ओळीकडे पाहिलं आणि चौकटीत खूण केली: संमती आहे.

का, ते सांगतो. ते पुरेसं कारण नाही, तरी सांगतो. आंतरराष्ट्रीय सूचीत पत्रिका घ्यायची की नाही हे ठरवणारी मंडळी डिसेंबरचा अंक बघणार होती. तीन वर्षं आम्ही त्याच्या मागे होतो. अंकाला एक चांगला, इथला, आमच्या माणसाने लिहिलेला लेख हवा होता आणि तो एकच होता. तो अडवला असता तर अंक जानेवारीत गेला असता. बस, एवढंच. एक महिना.

बायकांनी तुला कशावरून ओळखलं तेही मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. लुपेने सांगितलं होतं. वय आणि नोकरीवरून नाही. पानावर बोट ठेवून पहिली म्हातारी म्हणाली होती, "ही तर फुआतिनोची प्रवाळाची खूण."

प्रवाळाची. गावात अजून तेच म्हणतात.

या वेळी तू माझ्यासाठी खोटं बोलणार नाहीस हे मला कळलं. वाक्य निघेल. त्या जागी काय जाईल ते मी आज लिटियाला लिहून पाठवतोय, आणि सोबत माझा राजीनामाही. तो तू मागितला नाहीस. तो तुझ्यासाठी नाहीही.

पेनी


आपिया
सोमवार, ३० जून

फुआतिनो,

जूनचा अंक आज छापून आला. सूचना पहिल्या पानावर आहे, कोपऱ्यात नाही. प्रत शाळेच्या पत्त्यावर पाठवलीय. तू खोडलंस त्या जागी आता असं आहे: "संपादक रुग्णाचे भाऊ आहेत. छायाचित्र व संमतीपत्र त्यांनी छपाईपूर्वी पाहिले होते. संमतीपत्रावर रुग्णाच्या सहीची जागा कोरी होती. हे त्यांच्या लक्षात आले होते."

लिटियाने "लक्षात आले होते" हे तीनदा वाचून घेतलं. म्हणाली, "एवढं कुणी लिहीत नाही." मी म्हटलं, माहीत आहे. आम्ही दरवर्षी अशा सूचना वाचतो, सगळ्यांत 'अनवधानाने' असतं. तो शब्द आमच्या कारखान्यातच बनतो. "भाऊ आहेत" हे छापायचं की नाही यावर तिने तुला स्वतः फोन केला, आणि तू पहिल्याच घंटीला उचललास असं ती म्हणाली. तिचा फोन. मला थोडं लागलं, मग वाटलं, ठीक आहे, तिने विचारायलाच केला होता.

सूचीवाल्यांनी आमचा अर्ज दोन वर्षं पुढे ढकलला. पुढचा अंक लिटिया काढेल. तेलेसियाने माझ्या टेबलाचे खण रिकामे करून एका खोक्यात भरून दिले, वर दोरी बांधली, आणि म्हणाली, "गाठ तुम्हीच मारा, तुम्हाला त्याची सवय आहे." मग आत जाऊन कोको घेऊन आली. आम्ही बराच वेळ बसलो. संमतीच्या नव्या कागदावर तिने एक बदल सुचवलाय: रुग्ण शुद्धीवर नसेल तर कागद वैध नाही, शुद्धीवर आल्यावर त्याला एकट्याला, घरच्यांशिवाय, परत विचारायचं. लिटियाने तो घेतला. डॉ. सोलोमोनांनी अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही. मी रविवारी त्यांच्या दारावरून जातो. नारळाच्या दुधाचा वास येतो. आत जात नाही.

एकशे चाळीसपैकी एकशे एकोणचाळीस प्रती जमा होत्या. राहिलेली आपल्या गावच्या दवाखान्याची होती. लुपे सांगत होती, हरवली. शुक्रवारी ती प्रत बोटीने आली, तुझ्या अक्षरातला पत्ता. पान एक्केचाळीस पट्टी लावून ब्लेडने कापलेलं. आत चिठ्ठी: "पान माझं आहे, मी ठेवून घेतलंय. बाकीचा अंक तुमचा." नियमाप्रमाणे ही प्रत फाटकी म्हणून नोंदवायला हवी. तेलेसियाने विचार केला आणि नोंदवहीत लिहिलं, "पूर्ण."

लुपेने आणखी एक गोष्ट सांगितली. शाळेच्या नव्या छपरासाठी ऑगस्टमध्ये कार्यक्रम आहे, आणि शेवटचा नाच तू करणार आहेस. गेल्या जुलैपासून तू नाचली नाहीस. समितीतल्या कुणीतरी विचारलं म्हणे, अपुऱ्या मालूने कशी नाचशील? आणि तू म्हणालीस, जेवढं आहे तेवढं माझं आहे, तेवढ्याने नाचेन.

तू नाचतेस तेव्हा तुझ्याभोवती वेड्यासारखं ओरडत उड्या मारणं, जमिनीवर लोळणं, तुझं पाऊल पाठीवर पडू देणं हे काम नेहमी माझं असायचं. त्यात मी गावात सगळ्यात वाईट होतो आणि सगळ्यात जास्त आवाजाचा. तिथे डोळे खालीच असतात. मातीत तोंड असतं.

मी यावं का?

काकांना विचारलेलं नाही. लुपेलाही विचारायला सांगितलेलं नाही. खाली एक ओळ सोडतोय, तुझ्या हाताने त्यावर हो किंवा नाही लिही आणि पान परत पाठव. घाई नाही, बोट रोज असते. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर तसंच पाठव, किंवा पाठवू नकोस. ओळ कोरी आली तर मी घरीच राहीन.

पेनी

........................................